पाण्याची वही

आत्याबाई, वही सापडली काल,
मटकीच्या रिकाम्या पोत्यांत.
निळ्या पुठ्ठ्याची, शेवटची. आधीच्या सात रद्दीत गेल्या.
अक्षर माझं.
चहा अर्धा कप, साठ.
गोळ्यांबरोबर दोन घोट, तीस.
आमटी वरची वर, चाळीस.
तीर्थ, पाच.

तीर्थ नाही मांडलं तरी चालेल, म्हणाले होते डॉक्टर.
तुम्ही म्हणालात, लिही गं.
देवीचं म्हणून फुकट धरायचं नाही.

चाळीस वर्षं मंडईत मोड विकलेत.
पहाटे चारला उठून फडकी सोडायची,
मटकी, हुलगे, मूग, वाल.
ओल्या फडक्याला नाक लावून सांगायचात,
ही आज जाईल, ही उद्या.
मी नवी असताना एकदा तांब्याच ओतला,
सगळी मटकी आंबली.
ओरडला नाहीत.
मटकीला पाणी पाजायचं नसतं, म्हणालात,
नुसती आठवण द्यायची.
आणि ओली बोटं झटकलीत,
लांबून अक्षता टाकाव्यात तशी.

मग तुमच्याच वाट्याला आलं ते.
सातशे मिली. अख्ख्या दिवसाचे.
मंगळवारी आणि शुक्रवारी रास्ता पेठेत,
खिडकीकडचं मशीन, चार तास.
शुक्रवार बदलून द्या म्हणून आधी भांडलात,
वार देवीचा आहे.
नंतर तोच बरा वाटायला लागला,
उपास आपोआप घडतो म्हणून.

डाव्या हाताला फिस्टुला केला.
त्या हातात बांगडी चालणार नाही म्हटल्यावर
डावीकडच्या सहा उजवीकडे चढवल्यात.
बारा हिरव्या एकाच हातात,
तागडी उचलण्याआधी त्याच वाजायच्या.
आणि डाव्या शिरेत सारखं काहीतरी घुरघुरायचं.
शर्विलचं बोट तिथे टेकवायचात,
बघ, आत संबळ वाजतोय.
तो शाळेत सांगून आला,
आमच्या आजीच्या हातात गोंधळी राहतात.

पाच वर्षं. खोटं कशाला बोलू,
कंटाळले होते मी.
भाजी दोनदा उकडून पाणी फेकायचं,
केळं नाही, शहाळं नाही.
ओटी भरून यायचात देवीची,
प्रसादाचं खोबरं कपाळाला लावून
माझ्या हातावर ठेवायचात.
मी खायचे. तुम्ही बघायचात.
त्या बघण्याला काय म्हणावं अजून कळलं नाही.
हेवा नव्हता तो.

शेवटच्या रात्री पाणी मागितलंत.
मी वही बघितली. सातशे दहा झाले होते.
सकाळी देते, म्हटलं.
तुम्ही म्हणालात, बरं.

एवढंच. बरं.

पहाटे, फडकी सोडायच्या वेळेला,
मामांनी मला हाक मारली, नाव घेऊन, पहिल्यांदाच.
तुळशीच्या पानावरून पाणी घातलं तुमच्या तोंडात,
ते ओठाच्या कडेने उशीवर गेलं.
ते मी मांडलं नाही.

बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची.
बारा बांगड्या तशाच राहू दिल्या आम्ही.

परवा शुक्रवारी जोगेश्वरीत
पुजाऱ्यांनी पळीभर तीर्थ घातलं हातावर.
पिऊन झालं आणि हात कमरेशी गेला,
पेन्सिल शोधत.

आज गाळ्यावर कोथरूडच्या त्या बाई आल्या,
दर आठवड्याला पाव किलो वाल नेणाऱ्या.
आजी कुठायत? सांगितलं.
पिशवीची कड चाचपत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या,
दिवाळीपासून पस्तीस रुपये राहिलेत त्यांचे माझ्याकडे.

तुम्ही उधारी कधी लिहून ठेवली नाहीत.
लिहिलं की विसरता येत नाही, म्हणायचात.
वहीत साठेक पानं कोरी आहेत.
पैसे घेतले मी. मांडले नाहीत.
पाटीतल्या मटकीवर हात झटकला,
पाणी जरा जास्तच पडलं.